प्रतिनिधी कुणाचा? औंधच्या पंतांची अडीचशे वर्षं

ज्यांना बसमध्ये ऐकायला जमत नाही, वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.

सुरुवात घरापासून करतो. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. मी पुण्यात कोड लिहितो, पण गावात निवडणूक लागली की माझी किंमत अचानक वाढते, कारण लॅपटॉप माझ्याकडं असतो. मागच्या ग्रामपंचायतीच्या वेळी तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, रात्री साडेअकराला फोन. पोस्टर पाहिजे. उमेदवार कोण, तर माझा चुलतभाऊ. त्याच्या आधी, जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा काकू उभी होती. तिच्या आधी स्वतः तात्या. आणि तात्यांच्या आधी आजोबा. मी जरा चेष्टेत म्हटलं, “तात्या, यावेळी दुसऱ्या कुणाला तरी उभं करा की.” तिकडून शांतपणे उत्तर आलं, “येडा हायस का? सीट घरातच ऱ्हायला पायजे.”

मी पोस्टर केलं. खोटं कशाला बोलू, चांगलं झालं होतं. फोटोखाली मोठ्या अक्षरात टाईप केलं, ‘तुमचा हक्काचा लोकप्रतिनिधी’. आणि तो शब्द टाईप करताना मी अडलो. प्रतिनिधी. दुसऱ्याच्या वतीनं उभा असतो तो. आमच्या नेटवर्किंगच्या भाषेत प्रॉक्सी. मागणी दुसऱ्याची असते, हा फक्त मधे उभा राहून ती पोहोचवतो. मग प्रॉक्सीचा मुलगा प्रॉक्सी कसा काय होतो?

गंमत म्हणजे आमच्या भागात एक घराणं होऊन गेलं, ज्यांचं आडनावच प्रतिनिधी. औंधचे पंतप्रतिनिधी. आठ मैलांवरच्या कुंडलवर एकेकाळी त्यांचं राज्य होतं, आणि मला शाळेत यातलं काहीही शिकवलं नव्हतं. आजचा भाग त्यांच्यावर.

आधी हे पद आलं कुठून ते बघू. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत प्रतिनिधी हे पद नव्हतं. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज निसटून थेट तमिळ मुलखातल्या जिंजीला गेले. राजा तिकडं, राज्य इकडं, आणि मधे औरंगजेबाची फौज. अशा वेळी राजाच्या नावानं निर्णय घेऊ शकेल असा माणूस लागतो. म्हणून जिंजीला प्रतिनिधी हे नवं पद निर्माण झालं, प्रधानांच्याही वर. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. म्हणजे हे पद मुळात आणीबाणीतली सोय होती. आपण घाईत सर्व्हरवर एक तात्पुरती फाईल टाकतो, आणि दहा वर्षांनी सगळी कंपनी तिच्यावरच चाललेली असते, तसलं काहीतरी.

प्रल्हाद निराजींच्या नंतर एकदोन हात बदलून 1700 च्या आसपास हे पद परशुराम त्रिंबक या माणसाकडं आलं. हे साताऱ्याजवळच्या किन्हईचे. तेच किन्हई, जिथं साखरगडावर देवीचं मंदिर आहे. घराणं गावचं कुलकर्णी. कुलकर्ण्याचा मुलगा राज्यातल्या सगळ्यात वरच्या खुर्चीपर्यंत गेला तो वारशानं नाही, हे लक्षात ठेवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तो तयार झाला, पन्हाळा परत घेण्यात त्याचा हात होता, आणि 1700 मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यात येऊन बसला तेव्हा परळीचा किल्ला, म्हणजे आपला सज्जनगड, यानंच लढवला.

मग 1707. औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले. आता राजा दोन. एका बाजूला ताराराणी, दुसऱ्या बाजूला शाहू. परशुरामपंत ताराराणींच्या बाजूनं. खेडच्या लढाईत बाजू उलटली, पंत साताऱ्याच्या किल्ल्यात येऊन बसले. तिथल्या शेख मिरा नावाच्या अधिकाऱ्यानं शाहूंना किल्ला उघडून दिला आणि पंत कैदेत गेले. पुढच्या पाचसहा वर्षांत ते सुटले, पद मिळालं, पुन्हा आत गेले, पुन्हा पद मिळालं. दुसऱ्यांदा का गेले ते ऐका. त्यांचा मोठा मुलगा कृष्णाजी विरुद्ध बाजूला गेला आणि त्या गादीचा प्रतिनिधी झाला. विशाळगडचं घराणं ते हेच. बाप साताऱ्याच्या राजाचा प्रतिनिधी, मुलगा कोल्हापूरच्या. शाहू महाराज इतके भडकले की पंतांच्या जिवावर बेतलं होतं, खंडो बल्लाळांनी मधे पडून वाचवलं असं सांगतात. आजकाल एक भाऊ या पक्षात आणि दुसरा त्या पक्षात दिसला की आपण म्हणतो, काय दिवस आलेत. दिवस तीनशे वर्षांपूर्वीच आलेले होते.

1718 मध्ये परशुरामपंत वारले आणि पद धाकट्या श्रीपतरावांकडं गेलं. इथं घोटाळा सुरू होतो. बापाची निवड झाली होती, मुलाला वारसा मिळाला. तसे श्रीपतराव काही सामान्य नव्हते. शाहूंचा त्यांच्यावर जीव. 1730 मध्ये वारणेकाठी कोल्हापूरच्या संभाजींच्या छावणीवर त्यांनी छापा घातला, ताराराणी हाती लागल्या, आणि त्यातून 1731 चा वारणेचा तह झाला. सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांमधली वारणेची हद्द त्यानं पक्की झाली. आज इस्लामपूरहून कोल्हापूरकडं जाताना जी नदी आपण रील बघत ओलांडतो, ती हीच. आणि विचार करा, नदीपलीकडच्या दरबारात प्रतिनिधीची खुर्ची श्रीपतरावांच्या थोरल्या भावाच्या घराकडं होती.

पण शाळेतल्या पुस्तकात श्रीपतराव कशासाठी येतात? बाजीरावांना विरोध करणारे म्हणून. बाजीराव उत्तरेकडं चला म्हणतात, हे आधी घर सांभाळा म्हणतात. सिनेमावाल्यांनी मग त्यांना सरळ खलनायकच करून टाकलं. मला ते पटत नाही. खजिना रिकामा आणि घरात दोन गाद्यांचं भांडण असताना ‘आधी दक्षिण’ म्हणणारा माणूस मूर्ख नसतो. तो फक्त हरला. संगम माहुलीला कृष्णेकाठी विश्वेश्वराचं देऊळ आहे ना, प्रीवेडिंग शूटवाल्यांचं आवडतं, ते या श्रीपतरावांनी बांधलेलं. पुढच्या वेळी फोटो काढताना आठवण ठेवा.

श्रीपतराव 1746 मध्ये गेले, शाहू 1749 च्या डिसेंबरमध्ये. तोवर पेशवे इतके मोठे झाले होते की राजाचा प्रतिनिधी असण्याला अर्थ उरला नव्हता, कारण राजालाच उरला नव्हता. श्रीपतरावांचे भाऊ जगजीवनराव विरोधात गेले, तर नानासाहेबांनी त्यांना कैद केलं. त्यांचे मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याला अडून बसले, त्यांनाही वाकवलं. 1750 च्या सांगोल्याच्या करारानं कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला तो गेलाच.

यानंतरची पन्नास वर्षं पद नावाला. किती नावाला? 1762 मध्ये रघुनाथरावांनी भवानराव प्रतिनिधींना काढून ही खुर्ची स्वतःच्या तान्ह्या मुलाला देऊन टाकली. तान्ह्या! छत्रपतींच्या वतीनं बोलायचं पद, आणि धारकाला अजून बोलता येत नाही. भवानराव चिडून निजामाला मिळाले, पुढच्या वर्षी पद परत देऊन त्यांना माघारी आणावं लागलं. त्यांच्या मुलालाही, परशुराम श्रीनिवासांना, हे पद तान्हेपणीच मिळालं. हेच ते थोटे पंत. मोठेपणी दुसऱ्या बाजीरावाविरुद्ध उठले, 1806 मध्ये वसंतगडाजवळ बापू गोखल्यांशी लढताना हात गमावला आणि धरले गेले. त्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढली ती ताई तेलीण. वासोट्यावर आठ महिने तिनं बापू गोखल्यांना झुंजवलं. वासोट्याच्या ट्रेकला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना तिचं नाव माहीत नसतं. तिच्यावर वेगळा भाग करणार आहे, त्यामुळं इथं थांबतो.

1818 नंतर इंग्रज. 1820 च्या तहानं पंत साताऱ्याच्या राजाखालचे जहागीरदार ठरले. मग डलहौसीच्या काळात साताराच खालसा झालं. आणि इथं मला खरंच थांबावंसं वाटतं. ज्या राजाचे हे प्रतिनिधी, ती राजगादीच राहिली नाही. तरी प्रतिनिधी राहिले! ओरिजिनल सर्व्हर बंद, प्रॉक्सी मात्र चालू. औंध हे आता स्वतःच एक संस्थान झालं, इंग्रजांच्या छायेखालचं. बहात्तर गावं, पाचशे चौरस मैल, 1931 च्या शिरगणतीत सुमारे 76 हजार माणसं. तीही सलग नाहीत. औंध सातारा जिल्ह्यात खटावच्या बाजूला, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, आणि गुणदाळ पार विजापूरकडं. आज बघितलं तर दोन राज्यांत पसरलेलं. नकाशा बघितला तर शाई शिंपडल्यासारखा दिसतो.

आता आपण मुख्य माणसाकडं आलो. भवानराव श्रीनिवासराव, सगळे म्हणायचे बाळासाहेब. जन्म 1868, डेक्कन कॉलेजचे बी.ए. 1909 मध्ये इंग्रजांनी त्यांच्या पुतण्याला गादीवरून दूर केलं आणि चाळिशीतले बाळासाहेब राजे झाले. हा माणूस रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि राज्यातल्या शाळांतून पोरांनाही घालायला लावायचा. आजच्या फिटनेस इन्फ्लुएन्सरांचा पणजोबाच म्हणा. स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिच्या सुरुवातीला एक लाखाची देणगी जाहीर केली ती यांनी. 1935 मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. औंधच्या टेकडीवरचं संग्रहालय 1938 चं, तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत आणि तिकीट वडापावच्या प्लेटीइतकं. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली तीही यांनीच. 1910 ची ही किर्लोस्करवाडी. आमच्या गावातली दोन पिढ्यांतली निम्मी माणसं तिथं खाऊन गेली. माझे आजोबाही तिथलेच, फौंड्रीत. म्हणजे एका अर्थानं माझी बी.टेक.ची फी या राजानं ठेवलेल्या माळरानातून निघाली.

पण हा चांगला राजा झाला. चांगले राजे पुष्कळ असतात. चांगला राजा असण्यात अडचण एकच, तो मेल्यावर काय?

बाळासाहेबांचा मुलगा आप्पा. जन्म 1912, ऑक्सफर्डला शिकलेला, बॅरिस्टर. परत आल्यावर बंगळूरला त्याची गाठ पडली मॉरिस फ्रीडमन नावाच्या माणसाशी. पोलंडचा ज्यू, पेशानं इंजिनिअर, म्हैसूर सरकारच्या विजेच्या सामानाच्या कारखान्याचा प्रमुख, आणि अंगावर भगवी कफनी! नाव घेतलेलं भारतानंद. मला हा माणूस सगळ्यात आवडतो, जातभाई म्हणून असेल. पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं इंग्रजी पुस्तक जगभर गेलं, ते करणारा हाच. तर हा फ्रीडमन औंधला आला आणि सत्तरीतल्या राजापुढं त्यानं सरळ प्रस्ताव ठेवला, राज्य लोकांना देऊन टाका.

राजा हो म्हणाला. 1938 च्या नोव्हेंबरात घोषणा झाली. आप्पा आणि फ्रीडमन वर्ध्याजवळ सेगावला गांधीजींकडं गेले, राज्यघटनेचा आराखडा त्यांच्यापुढं ठेवला. गांधीजींनी त्यात लक्ष घातलं, बदल सुचवले. 21 जानेवारी 1939 ला औंधची स्वराज्य घटना जाहीर झाली. रचना खालून वर जाणारी. गावातल्या सगळ्या प्रौढांनी, बायकांनीसुद्धा, मत देऊन पंच निवडायचे. गावच्या पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची समिती. तालुक्यांतून वरची सभा. महसुलातला मोठा वाटा गावातच ठेवायचा, बरेचसे खटले गावासमोर गावातच सोडवायचे. राजानं स्वतःच्या खर्चाला मर्यादा घालून घेतली. साल लक्षात घ्या, 1939. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा मत द्यायला मालमत्ता किंवा शिक्षण दाखवावं लागायचं. सगळ्या प्रौढांना मत हे देशाला मिळालं 1950 च्या राज्यघटनेनं, आणि प्रत्यक्ष वापरता आलं 1951-52 च्या निवडणुकीत. आटपाडीच्या दुष्काळी माळावरच्या म्हातारीला ते बारा वर्षं आधी मिळालं होतं.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंती नसलेला तुरुंग. खुनाच्या शिक्षेतले कैदी तिथं कुटुंबासह राहून शेती करायचे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ यावरून सुचलेला. कथा गदिमांची, आणि गदिमा स्वतः आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे, औंधच्या शाळेत शिकलेले. वसाहत आजही आहे.

आता तुमच्यातला खवचट श्रोता विचारणार, आणि मीही विचारला हा प्रश्न. या नव्या लोकराज्याचा पहिला पंतप्रधान कोण? आप्पा पंत. राजाचाच मुलगा! सीट घरातच राहिली की नाही?

हे वाचलं तेव्हा मी जोरात हसलो होतो. शिवाय राजाला वाऱ्याची दिशा कळत नव्हती असंही नाही. 1938 मध्ये संस्थानांसंस्थानांत प्रजापरिषदांच्या चळवळी पेटल्या होत्या. शेजारचे राजे लाठ्या चालवत होते. शहाणा माणूस आधीच दार उघडतो. हे सगळं मान्य करूनही मला एक फरक दिसतो. आमच्या गावात तात्यांनी खुर्ची मुलाला दिली, पण खुर्चीचं वजन कमी केलं नाही. औंधात खुर्ची मुलाकडं गेली खरी, पण तिच्याखालचे अधिकार गावागावांत वाटले गेले. गावच्या पंचायतीनं निर्णय घेतला की तो निर्णय पंचायतीचा. आणि एकदा असले अधिकार वाटले की त्यांचं पुढं काय होईल ते देणाऱ्याच्या हातात राहत नाही.

याचा पुरावा कुंडल. 1942 नंतर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सगळं साताराच. त्या चळवळीचं एक मोठं केंद्र जी. डी. बापू लाडांचं कुंडल. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराचा पैसा घेतला, ती माणसं याच भागातली. कुंडल औंध संस्थानात, त्यामुळं ब्रिटिश पोलिसांना तिथं थेट घुसणं अवघड. भूमिगतांना आडोसा मिळायचा, औंधचे कारभारी दुसरीकडं बघायचे. माझी आजी सांगायची, लहानपणी रात्री अनोळखी माणसं भाकरी घेऊन जायची आणि कुणी कोण म्हणून विचारायचं नाही. कुठल्या साली, किती माणसं, तिला सांगता यायचं नाही. भाकऱ्या किती थापायच्या एवढं आठवायचं.

प्रतिसरकारनंही गावोगाव लोकन्यायालयं बसवली. औंधच्या पंचायतींवरूनच त्यांना सुचलं असं मी म्हणणार नाही, त्यांची मुळं सत्यशोधक चळवळीत जास्त खोल आहेत. आणि पंचायतीत पाटील-कुलकर्ण्यांचीच चलती होती का, हा प्रश्न त्यांनी पंतांपेक्षा जास्त कडवटपणे विचारला असता. पण एकाच गावात, एकाच दशकात, ‘प्रति’नं सुरू होणारे हे दोन शब्द शेजारी नांदले, याची मला फार गंमत वाटते.

8 मार्च 1948 ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. बहात्तर गावांची घटना संपली, नव्या व्यवस्थेत ती कुणाला नको होती. बाळासाहेब 1951 मध्ये वारले. आप्पा पंत 1948 मध्येच नैरोबीला गेले, पूर्व आफ्रिकेतले भारताचे कमिशनर म्हणून. मग सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, लंडनला उच्चायुक्त, शेवटी इटली. पुन्हा प्रतिनिधीच, यावेळी एका प्रजासत्ताकाचे. आणि ही खुर्ची बदलीची, निवृत्तीचं वय असलेली, मुलांना न देता येणारी. त्यांची मुलगी अदिती पंत समुद्रशास्त्रज्ञ झाली. 1983 मध्ये भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून सुदीप्ता सेनगुप्तांबरोबर ती अंटार्क्टिकावर गेली, तिथं जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक. किन्हईच्या कुलकर्ण्यांपासून तिथपर्यंत.

हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी चुलतभावाला घेऊन औंधला गेलो होतो. हो, तो निवडून आला. संग्रहालय बघितलं, यमाईचं दर्शन घेतलं, खाली उतरून चहा प्यायलो. घटनेची गोष्ट मी त्याला परतीच्या वाटेवर गाडीत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. विट्याजवळ आल्यावर म्हणाला, “पण ग्रामसभेला माणसं येतच न्हाईत रे. परवा कोरम झाला नाही म्हणून तहकूब केली.” मी विचारलं, तू फोन केलास का लोकांना? तो म्हणाला, “ग्रुपवर मेसेज टाकला हुता.” माझ्याच पोस्टरच्या ग्रुपवर. त्यात निम्मं गाव नाहीच. मी त्याला गावाची मतदारयादी पाठव म्हणून सांगितलंय, काहीतरी साधं, एसएमएसवर चालणारं करून देईन. अजून त्यानं पाठवलेली नाही.

पुढचा भाग ताई तेलिणीवर. वासोट्याचे तुमचे फोटो असतील तर पाठवा. भेटू.